बैलाच्या शेपटाला गाडी

कोलोराडोत आयटीची नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला पिकअप ट्रक कशासाठी लागतो, या प्रश्नाचं उत्तर आमचे साडू सुधीरराव बरीच वर्षं शोधत होते. ट्रक मात्र त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. चार दारं, मागे साडेपाच फुटांचा हौदा आणि साखर कारखान्याच्या चेअरमननं बघितला तर त्याला आपल्या गाडीची लाज वाटावी असा तोंडवळा. त्या हौद्यातून त्यांनी आजवर बागेसाठी लाकडाचा भुगा आणला, भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर नेलं आणि घर बदलणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाच्या गाद्या वाहिल्या. ट्रकवाला मित्र असणं ही अमेरिकेत फार मोठी सोय आहे. स्वतः ट्रकवाला असणं ही तितकीशी नाही. शेवटी ट्रकला भारदस्त काम मिळावं म्हणून सुधीररावांनी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, आणि मग ट्रेलर सरळ चालावा म्हणून पुढची दोन वर्षं ट्रकवर खर्च केला.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे ट्रकमागे अडकवून न्यायचं घर. पलंग, सोफा, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं आत. असले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यात एल्खार्ट गावाच्या आसपास बनतात. वॉली बायम नावाच्या गृहस्थांनी १९३१ साली सुरू केलेली एअरस्ट्रीम कंपनी गोलसर, चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर करते. त्यांच्या अंगावरून वारा निदान घसरून तरी जातो. पण त्यांच्या किमती ऐकून माणूस घसरतो. सुधीररावांनी परवडणारा घेतला, म्हणजे चौकोनी. लांबी २८ फूट, रिकाम्याचं वजन ६,२०० पौंड, म्हणजे सुमारे २,८०० किलो, आणि कडेची भिंत दोनशे चौरस फुटांच्या वर. तेवढ्या जागेला पुण्यात वन आरके म्हणतात आणि वर मेंटेनन्स घेतात. ही भिंत घेऊन सुधीररावांना जायचं होतं वायोमिंगमधून यलोस्टोनला. वायोमिंगमध्ये माणसं कमी आणि वारा भरपूर.

ट्रकच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की हा ट्रक ११,००० पौंड ओढतो. ते खोटं नव्हतं. ओढायला त्याची कधीच ना नव्हती. अडचण अशी की ओढलेली वस्तू मागून सरळ यावी, याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नव्हतं.

त्याचं असं होतं. ट्रेलर ट्रकला एका लोखंडी गोळ्यावर अडकवलेला असतो आणि त्या गोळ्याभोवती मोकळा फिरतो. नाही फिरला तर वळणच घेता येणार नाही. शेजारून अठरा चाकांचा ट्रक गेला की त्याच्या तोंडापुढचा हवेचा लोट ट्रेलरला आधी बाहेर ढकलतो आणि तो पुढे सरकला की आत ओढतो. ट्रेलर असा वाकडा झाला की गोळ्याला आडवा धक्का देतो. गोळा ट्रकच्या मागच्या चाकांच्याही बराच मागे असतो, त्यामुळे त्या धक्क्यानं ट्रकचं बूड एकीकडे आणि तोंड दुसरीकडे जातं. ड्रायव्हर स्टिअरिंग उलटं फिरवतो, तोवर ट्रेलर पलीकडे पोचलेला असतो. एका ठरावीक वेगाच्या खाली हे दोन-तीन हेलकाव्यांत मिटतं. त्या वेगाच्या वर गेलात तर प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर ट्रकला बरोबर घेऊन आडवा होतो. हा वेग कुठल्याही गाडीवर छापलेला नसतो. आत सामान कुठे ठेवलंय, त्यावर तो ठरतो. म्हणजे भौतिकशास्त्राचा हा प्रश्न अखेर भांडी कुठल्या कपाटात लावायची इथवर येऊन पोचतो.

सुधीररावांनी कपाटांकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी दुकानाकडे दिलं.

अमेरिकेत ट्रक स्थिर करण्याच्या इतक्या वस्तू मिळतात की ट्रक मुळात स्थिर असणं कुणालाच परवडणार नाही, असा संशय येतो. सुधीररावांनी आधी मागच्या आसावर हवेच्या पिशव्या बसवल्या. ट्रेलर अडकवला की ट्रकचं बूड खाली बसतं. पिशव्यांत हवा भरली की वर येतं. ट्रक कसा पाण्याच्या पातळीत उभा दिसतो! सुधीररावांनी फोटो काढून आम्हाला पाठवला. फोटो उत्तम होता. मागच्या चाकांवर पडलेलं वजन मात्र पडलेलंच होतं आणि पुढच्या चाकांवरून उडालेलं उडालेलंच. पिशव्या बूड उचलतात, वजन हलवत नाहीत.

मग मागे जाडजूड अँटी-रोल बार आला. त्यानं ट्रक वळणावर कलंडायचा कमी झाला, आणि कलंडण्याची तक्रार मुळात नव्हती. मग टायर बदलले. मूळचे मोटारीच्या जातीचे, मऊ कुशीचे होते. ट्रेलरनं ढकललं की त्या कुशी दबायच्या आणि ट्रक टायरवरच इकडेतिकडे सरकायचा. नवे ट्रकच्या जातीचे, दहा प्लायच्या ताकदीचे, ८० पौंडांपर्यंत हवा घेणारे. हा खर्च खरोखर सार्थकी लागला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आता ट्रक रस्त्याला घट्ट धरून चालतो आणि रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्याला येऊन स्वतःची ओळख करून देतो.

सगळ्यांत शेवटी आला वेट डिस्ट्रिब्युशन हिच. एकट्यानं उचलताना दोनदा विचार करावा असं हे धूड, १०० पौंडांचं. त्याला दोन लांब स्प्रिंग बार असतात. ते गोळ्याखालून निघून ट्रेलरच्या दांड्यांना ताणून अडकवायचे, की गोळ्यावर पडलेल्या वजनाचा काही भाग ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. शिवाय बार जिथे टेकतात तिथलं घर्षण ट्रेलरच्या डुलण्याला अडवतं. या घर्षणामुळे गाडी पार्किंगमध्ये वळताना मोठ्यानं कण्हते. शेजारचे लोक पडदे बाजूला करून बघतात. ज्यांनी ट्रेलर विकला त्यांनीच हा हिच बसवून दिला होता, डोळ्यानं अंदाज घेऊन, पंधरा मिनिटांत आणि हसतमुखानं.

अशी सगळी सिद्धता झाली तेव्हा आम्ही डेन्व्हरला पोचलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको मंजिरी आणि आम्हा दोघा जावयांचे सामाईक सासरे, अण्णा. अण्णा सांगली जिल्ह्यातले ऊसवाले. आयुष्याची पन्नासेक वर्षं त्यांनी ऊस कारखान्यावर पोचवण्यात घालवली, आधी बैलगाडीनं आणि पुढे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून. वजन बावन्न किलो. बोलणं कमी. जावयांना अहोजाहो करतात, पण त्या अहोजाहोतून काय म्हणायचं ते बरोबर म्हणतात.

यलोस्टोनआधी एक रंगीत तालीम म्हणून डेन्व्हर ते शायान असं जाऊन यायचं ठरलं. इंटरस्टेट २५ वरून सरळ उत्तरेला शंभर मैल. सुधीररावांच्या पत्नी वसुधाताईंनी ट्रेलर भरला. तांदळाची पिशवी, कणीक, दोन कुकर, मिक्सर, जनरेटर, खुर्च्या, आणि मागच्या बंपरवर दोन इलेक्ट्रिक सायकली. अण्णांचा परमुलखातल्या पाण्यावर विश्वास नाही, म्हणून सुधीररावांनी पाण्याची टाकीही घरूनच तुडुंब भरून घेतली. ५० गॅलन. एका गॅलन पाण्याचं वजन ८.३ पौंड, म्हणजे टाकीत जवळपास १९० किलो पाणी, आणि या ट्रेलरची टाकी नेमकी चाकांच्या मागे. सामानाची मोठी कपाटंही मागेच. ट्रेलर बनवणाऱ्यांनी दरवाजा जिथे सोयीचा तिथे कपाट केलं होतं आणि वसुधाताईंनी कपाट जिथे होतं तिथे सामान ठेवलं होतं. यात दोष कुणाला द्यायचा?

फोर्ट कॉलिन्स आणि वेलिंग्टन मागे पडलं की वस्ती विरळ होते आणि पश्चिमेचा वारा थेट डाव्या कुशीत लागतो. मर्यादा ताशी ७५ मैलांची. सुधीरराव सत्तरनं चालले होते. ट्रेलरच्या टायरवर ६५ मैलांच्या वर जाऊ नका असं लिहिलं होतं, पण ते ट्रेलरच्या टायरवर होतं आणि सुधीरराव ट्रकमध्ये बसले होते. मी मागच्या सीटवर. एक अठराचाकी डावीकडून पुढे जाऊ लागला. आधी नुसतं कुणी खांद्याला हात लावावा इतपत झालं. सुधीररावांनी स्टिअरिंग किंचित सावरलं. मग डावीकडच्या आरशात ट्रेलरची पांढरी भिंत दिसली. एरवी त्या आरशात भिंतीची नुसती कड दिसते; आता खिडकीचा पडदाही दिसला. मग ती भिंत गेली आणि उजव्या आरशात आली, खिडकीसकट आणि दारासकट. मग पुन्हा डावीकडे, आणि यावेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताईंनी लावलेलं तोरण मला स्पष्ट दिसलं. पुढे बसलेल्या अण्णांनी वरची मूठ धरली आणि पाय वर घेतले. बैल बुजल्यावर पाय आधी साट्यावर घ्यायचे असतात.

सुधीररावांची एक गोष्ट मानली पाहिजे. त्यांनी ट्रकचा ब्रेक दाबला नाही. दाबला असता तर मागून येणाऱ्या तीन टनांनी आमच्या ट्रकला पुढे घालून आडवं केलं असतं. ॲक्सिलरेटर दाबून ताणून काढावं असा एक सल्ला ट्रेलरवाल्यांत तोंडी फिरत असतो. तो त्यांनी ऐकला होता आणि सुदैवानं त्यांना तो आठवला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, पाय उचलला आणि डॅशबोर्डवर ट्रेलरच्या ब्रेकची चिमटीएवढी कळ असते ती दाबून धरली. या कळीनं फक्त ट्रेलरची चाकं थांबतात. गाडी मागून ताणली गेली, भिंत दोन्ही आरशांतून हळूहळू मागे गेली आणि आमचा वेग चाळीसवर आला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई म्हणाल्या, "कुकर पडला वाटतं."

पुढच्या एक्झिटला गाडी थांबवली. सुधीरराव वाकून आपल्या वस्तू तपासू लागले. पिशव्यांत हवा होती, बार जागच्या जागी होता, टायर उत्तम होते. अण्णा ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले. मागच्या सायकली हातानं दाबून बघितल्या. मागचं कपाट उघडलं, जनरेटर बघितला, बंद केलं.

"सुधीरराव, गाडी उलाळ झालीया."

बैलगाडीत मागे जास्त भरलं की पुढचं जू वर उचललं जातं आणि गळ्याखालच्या पट्ट्यानं बैलाचा गळा आवळतो. पुढे जास्त भरलं तर बैलाच्या मानेवर ओझं येऊन ती सोलवटते. दोन चाकांवर तोललेली गाडी भरताना जुवावर थोडा दाब ठेवायचा, फार नाही, हे उसाची गाडी भरणाऱ्या पोरालाही कळतं. दोन चाकांची असो की जवळजवळ लावलेल्या चार चाकांची, ट्रेलर मध्येच तोललेला असतो आणि नियम तोच. अमेरिकन पुस्तकं सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन गोळ्यावर यायला हवं. त्याला ते टंग वेट म्हणतात. त्याहून कमी असलं की ट्रेलर डुलायला टपलेला असतो. सुधीररावांना हा आकडा पाठ होता. तो त्यांनी आम्हाला डेन्व्हरमध्ये जेवताना सांगितलाही होता, ट्रेलर भरून झाल्यावर.

शायानच्या अलीकडे ट्रकचा मोठा थांबा होता, तिथे कॅट स्केल. या काट्यांची कंपनी आयोवातल्या वॉलकॉट गावची, १९७७ पासूनची. अमेरिकेतले ट्रकवाले माल भरला की या काट्यावर चढवून बघतात. काट्याचे वेगवेगळे भाग असतात, त्यामुळे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं सुटी मिळतात. खांबावरचं बटण दाबलं की आतली बाई माइकवरून विचारते. तिनं सुधीररावांना कंपनीचं नाव विचारलं. कंपनी नाही म्हणाले. ट्रकचा नंबर? सुधीरराव जरा विचारात पडले आणि म्हणाले, "वन."

अण्णांना काटा म्हटल्यावर हुशारी आली. आयुष्यभर ऊस घालून काटामारीवर भांडलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न केला, "काटा कुणाचा? कारखान्याचा?" मी पावतीवरची हमी वाचून दाखवली. या काट्यावर वजन बरोबर निघालं आणि तरी पुढे सरकारी नाक्यावर जादा वजनाचा दंड झाला, तर कंपनी आपला काटा तपासते. काटा चुकीचा असेल तर दंड कंपनी भरते आणि बरोबर असेल तर ड्रायव्हरच्या बाजूनं कोर्टात उभी राहते. अण्णांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाले, "हे आपल्याकडं आणा. बाकी अमेरिका हितंच राहू द्या."

ट्रेलर जोडून आणि सोडून असं दोनदा वजन केलं. ट्रेलर एकूण ७,४०० पौंड, त्यातले गोळ्यावर ५२०. सात टक्के. उलाळ.

मग तिथल्याच पार्किंगमध्ये पाण्याची टाकी रिकामी केली, सायकली ट्रकच्या हौद्यात घातल्या आणि अण्णांच्या देखरेखीखाली सामान पुढच्या कपाटांत हलवलं. अण्णा जुवावर दाब देण्याच्या भरात आले होते. जनरेटर, तांदूळ, कुकर, खुर्च्या, सगळं पुढे. ट्रेलर पुन्हा जोडला तर ट्रकनं नाक वर केलं. स्प्रिंग बार अजून लावले नव्हते, पिशव्यांची हवा सोडलेली होती. ट्रकची खरी अवस्था पहिल्यांदाच दिसत होती. दिवे लावून बघितले तर प्रकाश रस्त्याऐवजी समोरच्या पाटीवर आणि तिच्याही वर.

अण्णांना हे पटेना. बैलगाडीत पुढे भरलं तर बैल खाली दबतो, नाक वर करत नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून ट्रकखाली वाकले. मागचं चाक बघितलं, मग गोळा बघितला, मग मधलं अंतर वितीनं मोजलं. आठ विती भरल्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या आतबाहेर.

"आवं सुधीरराव," ते उठत म्हणाले, "बैलाच्या शेपटाला गाडी बांधलीया की तुमी."

माझ्या मते अमेरिकेतल्या ट्रेलर व्यवसायाचं इतकं अचूक वर्णन दुसरं नाही. बैल गाडी ओढतो ती मानेनं, पुढच्या पायांच्या वरून. अठराचाकी ट्रकचा सांधासुद्धा मागच्या आसांच्या डोक्यावर असतो, त्यामुळे मागचं वजन सरळ खाली चाकांवर जातं आणि आडवा धक्का बसला तरी त्याला ट्रकचं तोंड फिरवायला दांडा मिळत नाही. फिफ्थ व्हील म्हणून ट्रेलरचा एक प्रकार आहे, तोही ट्रकच्या हौद्यात, आसाच्या वर बसतो. ट्रॅव्हल ट्रेलर मात्र बंपरखाली, आसाच्या साडेपाच फूट मागे. त्या साडेपाच फुटांचा दांडा होतो. गोळ्यावर ९०० पौंड ठेवले की ट्रकचं बूड खाली, तोंड वर, आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे ४०० पौंड मागे जातात. ज्या चाकांनी गाडी वळवायची त्यांच्यावरचंच वजन कमी. सुधीररावांनी दोन वर्षांत बसवलेली प्रत्येक वस्तू या साडेपाच फुटांवरचा उतारा होती. गाडी शेपटाला बांधायची आणि मग शेपटासाठी बाजारातून एकेक औषध आणायचं.

तरी हिच हे औषध लागू पडतं, नीट बसवलं तर. तो अर्धा दिवस आम्ही टेप घेऊन बसलो होतो. ट्रकच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजायची, आधी ट्रेलर न जोडता, मग बार न लावता जोडून, मग बार ताणून. टेपचं एक टोक अण्णांकडे, दुसरं सुधीररावांकडे, वही माझ्याकडे. कमान जेवढी वर गेली तेवढी, किंवा निदान निम्मी, बार लावल्यावर खाली आली पाहिजे. किती हे ट्रकच्या पुस्तकात बघायचं. विक्रेत्यानं पंधरा मिनिटांत बसवलेल्या हिचनं ती जेमतेम बोटभर, तीही करंगळीनं, खाली आणली होती. मग हिचच्या डोक्यात वॉशर वाढवून त्याचा कल मागे घेतला, बार ज्यांवर टेकतात ते कंस एक भोक वर सरकवले, पुन्हा मोजलं. फार ताणूनही चालत नाही, मागची चाकं हलकी होऊन ट्रकचं बूड घसरायला बघतं. बार अडकवताना ट्रेलर आधी जॅकनं उचलून घ्यावा लागतो. तसं न करता नुसत्या दांड्यानं जोर लावला तर दांडा उलटून जबड्यावर बसतो. हे हिचच्या पुस्तकात तिसऱ्या पानावर आहे, तांबड्या अक्षरांत, माणसाच्या चित्रासकट.

अण्णांचा उत्साह थोडा मागे सरकवून, म्हणजे खुर्च्या आणि एक कुकर परत मागे ठेवून, ट्रेलर ७,००० पौंडांच्या आत आणि गोळा ९०० वर आणला. तेरा टक्क्यांच्या आसपास. सगळे खूश. तेवढ्यात मंजिरीनं ट्रकचं दार उघडलं आणि दाराच्या खांबावरचा पिवळा कागद वाचला.

हा कागद असल्या प्रत्येक ट्रकवर असतो आणि विकणारा कधी दाखवत नाही. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्याच वजनाचं हा ट्रक वाहील. सुधीररावांच्या ट्रकवर १,४८० पौंड होतं. अकरा हजार ओढतो, पण अंगावर दीड हजारही घेत नाही. गोळ्यावरचे ९०० हे ट्रकच्या अंगावरच धरायचे. हिचचे १०० गेले. उरले ४८० पौंड, म्हणजे २१८ किलो, आणि आम्ही पाच माणसं. मंजिरीनं सगळ्यांची वजनं विचारली. अशा वेळी माणसं विमानाच्या बॅगेचं सांगतात तसं सांगतात. तिनं काट्यावर नेते म्हटल्यावर खरं सांगितलं. सुधीरराव ७८, ताई ६४, अण्णा ५२, मंजिरी ६२, मी ८४. बेरीज ३४०. शिवाय दोन सायकली हौद्यात.

सुधीररावांनी नव्या टायरांचा विषय काढला, पिशव्यांचा काढला. टायर आणि पिशव्या बदलून तो कागद बदलत नाही. उलट स्थैर्यासाठी बसवलेल्या त्या सगळ्या लोखंडाचं आणि रबराचं वजनही त्याच १,४८० मधून वजा होतं. हे ध्यानात आलं तेव्हा सुधीरराव काही वेळ ट्रकच्या टायरला टेकून बसून राहिले.

ट्रकची स्थिरता वाढवायला शेवटी जो सुटा भाग काढावा लागला, तो मी. माझ्याबरोबर मंजिरी आणि दोन्ही सायकलीही निघाल्या. सायकली डेन्व्हरच्या गॅरेजमध्ये गेल्या आणि आम्ही दोघं ताईंच्या जुन्या छोट्या गाडीतून मागे मागे यलोस्टोनला. राहिलेले तिघं मिळून १९४ किलो. कागदाप्रमाणे चोवीस किलो शिल्लक होती, तीही बसवलेल्या सामग्रीनं खाल्ली; पण बार थोडं वजन ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात, त्यावर निभावलं.

लॅरमीला पोचलो तर इंटरस्टेट ८० वर दिव्यांची पाटी: वाऱ्यामुळे हलक्या, उंच गाड्यांना पुढे बंदी. लॅरमी ते रॉलिन्स, मध्ये आर्लिंग्टन आणि एल्क माउंटन, हा पट्टा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मोठमोठे ट्रक तिथे कुशीवर झोपतात. सुधीरराव म्हणाले, आता तर आपली गाडी काट्यानं तोललेली आहे, हळूहळू जाऊ. अण्णांनी खुर्ची उघडून ट्रेलरच्या आडोशाला मांडली आणि बसले. विषय संपला. तो दिवस आम्ही लॅरमीचा जुना तुरुंग बघण्यात घालवला. बुच कॅसिडी हा नामांकित दरोडेखोर १८९४ ते १८९६ तिथे होता, घोडा चोरल्यावरून. घोडा कुणाचा होता आणि परत मिळाला का, एवढंच अण्णांना जाणून घ्यायचं होतं.

रात्री ट्रेलरमध्ये 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा १९५४ चा सिनेमा बघितला. नवीन जोडपं ट्रेलर घेऊन फिरतं, नायिका ल्युसिल बॉल जिथे जाईल तिथले दगड आठवण म्हणून गोळा करून ट्रेलरमध्ये लपवते आणि डोंगर चढताना त्या दगडांनी नवऱ्याची पाचावर धारण बसते. आम्ही हसत होतो. सुधीरराव हसत नव्हते. पुढे डुबॉयला विंड रिव्हरच्या काठी ताईंनी एक गुळगुळीत गोटा उचलला, तेव्हा सुधीररावांनी तो त्यांच्या हातातून अलगद घेऊन नदीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला, पाटी विझली, निघालो. सुधीररावांचा वेग ताशी साठ मैल. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच ५५ ची मर्यादा आहे. वायोमिंगमध्ये नाही, पण अण्णा होते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सांगलीच्या रस्त्यावर गाणी लावून जातो तो डुलत का नाही, यावर त्यांचं उत्तर असं की डुलायला आधी पळावं लागतं. मी मागून बघत होतो. अठराचाकी यायचे, पुढे जायचे; ट्रेलर एकदा अंग हलवायचा आणि जागेवर यायचा. टॉगवटी खिंड ९,६५८ फुटांची, तीही त्यानं मुकाट्यानं चढली आणि उतरली. आमच्या छोट्या गाडीत मात्र चहाचा थर्मास होता, खिडक्या उघडत होत्या आणि कुणी वजन विचारत नव्हतं.

सुधीरराव आता फिफ्थ व्हीलच्या किमती बघताहेत. गाडी बैलाच्या पाठीवर येईल, अण्णांचा आक्षेप मिटेल. पण तिच्या वजनाचा पंधरा ते पंचवीस टक्के भाग ट्रकच्या अंगावर येतो, म्हणजे आधी याहून मोठा ट्रक हवा. तोही ते बघताहेत.

तेव्हा ट्रेलरवाल्या नातेवाइकांचं सुट्टीचं आमंत्रण आलं असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांना ट्रकच्या दारावरच्या पिवळ्या कागदाचा फोटो पाठवायला सांगा. त्यातून भरलेल्या ट्रेलरचा आठवा हिस्सा वजा करा, हिचचे पंचेचाळीस किलो वजा करा आणि उरलेल्या वजनात त्यांच्या घरची माणसं आणि तुमची माणसं बसतात का बघा. बसत नसतील तर तिथे उतरल्यावर भाड्यानं स्वतंत्र गाडी घ्या, आणि थर्मास आपल्याकडेच ठेवा.